डाऊन पेमेंट कमी, शंका फार

दसऱ्याच्या मुहूर्तावर बुकिंग करायचं ठरलं की एकाच चालीची पत्रं येऊ लागतात: हातात पैसे कमी, घर तर घ्यायचंच. निम्मा गोंधळ नागपुरातल्या वर्धा रोडवरच्या होर्डिंगांनी केलेला, उरलेला नातेवाइकांनी. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र घेतो.

एक रुपयाही न भरता गृहकर्ज मिळतं का? (हुडकेश्वर)

नाही. घराच्या पूर्ण किमतीएवढं गृहकर्ज द्यायला बँकेला परवानगीच नाही.

३० लाखांचा फ्लॅट आहे. दहा टक्के, म्हणजे ३ लाख जमवलेत. पुरतील ना? (नरेंद्रनगर)

पुरणार नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के मिळू शकतात. ही कमाल मर्यादा आहे, तुमचा हक्क नव्हे. पगार, सिबिल (कर्जफेडीचा तुमचा इतिहास दाखवणारा स्कोअर) आणि इमारतीचे कागद पाहून बँक कमीही देते.

शिवाय या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. १० लाखांपर्यंतचं घर तेवढं अपवाद. नागपूर शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह साधारण ७ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम सुरू असेल तर जीएसटी: किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. त्यात प्रोसेसिंग फी आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी) मिळवा. तुमचे ३ लाख धरून एकूण पावणेसहा ते सहा लाख हाताशी हवेत. नेमका आकडा बँकेच्या शाखेतून लेखी घ्या, सेल्स ऑफिसमधून नको.

बायकोचं नाव पहिलं लावलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो म्हणे? (जरीपटका)

पहिलं लावून नाही सुटत. खरेदी फक्त महिलेच्या किंवा महिलांच्याच नावे हवी. मात्र मालकीत तुमचं नाव नसेल तर हप्त्यावरच्या करसवलतीचं काय होईल, ते आधी सीएला विचारा.

माझ्याकडे दोनच लाख आहेत. बिल्डरचा माणूस म्हणतो, फ्लॅट ३४ लाखांचा असला तरी करारनामा ४० लाखांचा करू, ८० टक्क्यांनी ३२ लाख कर्ज बसेल. आठ लाख भरल्याची पावती तेच देतील. सगळेच करतात म्हणे. (बेसा)

‘सगळेच करतात’ हे मला सांगणाऱ्यांपैकी एकानेही ते लिहून दिलेलं नाही. राजेहो, हा हिशेब नीट पाहा.

करारातली किंमत आणि मूल्यांककाने काढलेली किंमत यांतली जी कमी, तीच बँक सहसा धरते. म्हणजे बऱ्याचदा डाव तिथेच फसतो, आणि तोवर तुमचं बुकिंग अडकलेलं असतं. बँकेच्या नजरेतून सुटलं तर जास्त वाईट. ३४ लाखांच्या घरावर ३२ लाखांचं कर्ज म्हणजे ९४ टक्के. वरच्या खोट्या ६ लाखांवर मुद्रांक शुल्क ४२ हजार, तेही तुमच्याच खिशातून. न भरलेल्या पैशाची पावती बँकेत सादर करणं ही फसवणूक आहे आणि कर्जाच्या अर्जावर सही बिल्डरच्या माणसाची नसते, तुमची असते. तो दिवाळीनंतर दुसऱ्या साइटवर असेल. नोकरी गेली, घर विकावं लागलं, तर विक्रीतून कर्जही फिटेल याची खात्री नाही. आणि प्रकल्प रखडून महारेराकडे (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) परतावा मागायची वेळ आली तर किती भरले म्हणून सांगणार, दोन लाख की आठ?

याचाच दुसरा अवतार: मार्जिनसाठी, म्हणजे स्वतः भरायच्या वाट्यासाठी, पर्सनल लोन. ३ लाख, १४ टक्के, पाच वर्षं धरा. महिना जवळजवळ ७ हजार, गृहकर्जाच्या हप्त्याशिवाय. ‘गृहकर्ज मंजूर झाल्यावर घ्या, म्हणजे दिसत नाही’ असं एजंट सांगतात. पैसे सोडण्याआधी बँक सिबिल पुन्हा पाहू शकते.

मग करायचं काय? लहान घर पाहा, नाहीतर वर्षभर थांबा. पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते, ती फेडावी लागत नाही. तुम्हाला किती मिळेल ते ईपीएफओकडे विचारा. आणि करारनाम्यावर सही करण्याआधी तो स्वतःच्या वकिलाला दाखवा. बिल्डरने सुचवलेल्या वकिलाला नव्हे.

आता २० टक्के भरा, बाकीचं कर्ज घ्या, ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल, अशी योजना आहे. घ्यावं का? (मनीषनगर)

कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने हप्ता थकवला की सिबिल तुमचं बिघडतं. नॅशनल हाउसिंग बँकेने २०१९ मध्येच गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं होतं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या अशाच प्रकरणांत सीबीआय चौकशीचा आदेश दिला. मी घेणार नाही.

पंतप्रधान आवासचे २ लाख ६७ हजार डाऊन पेमेंटमध्ये धरू का? (वाठोडा)

ती जुनी व्याज-अनुदान योजना मार्च २०२२ पर्यंत पूर्ण संपली. व्हॉट्सअॅपवर अजून फिरते. आताच्या शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं अशा अटी आहेत. अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात. ते डाऊन पेमेंट नव्हे. पात्रता बँकेतच तपासा.

३० लाखांच्या घराला दहा टक्के भरावेत की वीस? (त्रिमूर्तीनगर)

साडेआठ टक्के, वीस वर्षं धरली तर २७ लाखांना हप्ता सुमारे २३,४३० आणि २४ लाखांना २०,८३०. वाचवलेल्या ३ लाखांपायी सव्वातीन लाख व्याज जातं. तरी नोकरी खासगी असेल आणि हे ३ लाखच तुमची सगळी शिल्लक असेल, तर दहाच भरा. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या कर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही, बोनस आला की भरत जा.

करारनाम्याआधीच बिल्डर २० टक्के मागतोय. (कोराडी रोड)

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. देऊ नका.

हिंगण्याकडे हप्त्यावर प्लॉट मिळतोय, ‘आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) नंतर येईल’ म्हणतात. (जयताळा)

पैसे देण्याआधी खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) घेऊन नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) कार्यालयात जा. याच आठवड्यात.