हॉस्पिटलात पेशंटला आणि सोबत राहणाऱ्याला ध्यानाचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे आणि वॉर्डातला हा तिसरा आठवडा. परदेशातला भाऊ रोज ध्यानाच्या ॲपच्या लिंका पाठवतो, मावशी अंगारा पाठवते, आणि तुम्ही डोळे मिटून बसलात की धडधड उलट वाढते. 'माझंच काही चुकतंय का?' असं शेवटी विचारलंय.

नाही चुकत. मी सोळा वर्षं कॅन्सर वॉर्डात स्टाफ नर्स होते. त्यानंतर दहा महिने तशाच एका वॉर्डात वडिलांच्या बेडशेजारी चटई टाकून काढले. त्या सोळा वर्षांत जे दिसलं नाही ते या दहा महिन्यांत दिसलं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

ध्यानाचं नंतर. आईंना दुखतंय का, हे आधी बघा. राउंडला डॉक्टरांनी 'कसं वाटतंय' विचारलं की आपल्याकडच्या बायका 'बरंय' म्हणतात, आणि डॉक्टर पुढच्या बेडकडे वळले की कण्हतात. तुम्ही त्यांना एकट्यात विचारा, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, तर आत्ता किती? तो आकडा वहीत वेळेसकट लिहा आणि राउंडला वाचून दाखवा. मॉर्फिनचं नाव निघालं तर दचकू नका. 'मॉर्फिन सुरू केलं म्हणजे संपलं' हे मी इतक्यांदा ऐकलंय! नीट बेतानं दिलेलं मॉर्फिन दुखणं उतरवतं आणि धापही कमी करतं. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. पॅलिएटिव्ह केअर विभाग, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा विभाग, असेल तर 'आम्हाला त्यांना भेटायचंय' असं स्वतःहून म्हणा. दुखण्यानं कळवळणाऱ्या माणसाला 'श्वासावर लक्ष दे' सांगणं मला क्रूरपणाच वाटतो.

आणि तुमच्या आईंच्या बाबतीत तर श्वास हा विषयच नको. ॲपवाले सरसकट श्वासावरून सुरुवात करतात. ज्याला श्वास पुरत नाही त्याचं लक्ष तिकडेच नेलं तर घाबरगुंडी वाढते, आणि घाबरलं की धाप आणखी. त्यांना जरा उठतं बसवा, समोर उशी देऊन त्यावर हात टेकू द्या आणि चेहऱ्यावर, नाकागालांवर, वारा घाला. हातात धरायचा छोटा बॅटरीवरचा पंखा मिळतो. गालावरच्या गार वाऱ्यानं धाप कमी जाणवते, हे पॅलिएटिव्हमध्ये रोज वापरलं जातं. लक्ष द्यायला तो वारा आहे, तळहात आहेत, कोपऱ्यात कुणी लावलेला रेडिओ आहे. तेही ध्यानच.

आता वडिलांचं सांगते. आम्ही फलटणकडचे. अण्णा वारकरी, तंबाखूनं जिभेचा कॅन्सर झालेला. नर्स असल्यामुळे मला सगळं येतं अशी माझी समजूत होती. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले, ॲपवर समुद्राच्या लाटा. दोन मिनिटांत त्यांनी ते काढले. "आगं, ह्यो समुद्र कशाला? मला पाण्याचं भ्या हाय."

मग रेडिएशन ठरलं. पस्तीस सिटिंग. चेहऱ्यामानेचा साचा बनवायच्या दिवशी टेक्निशियन म्हणाला, गळ्यातली माळ काढा. कॅन्सरचं निदान ऐकून न रडलेला माणूस तिथे रडला. तुळशीची माळ, पस्तिसाव्या वर्षी घातलेली, तेव्हापासून एकदाही न उतरवलेली. त्या क्षणी मला माझ्याच ड्युटीतली एक गोष्ट आठवली. ऑपरेशनला पाठवताना मी अशा कितीतरी माळा काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या होत्या, वर बेड नंबर लिहून नातेवाइकांच्या हातात दिल्या होत्या. मंगळसूत्रं, ताईत, क्रूस, सगळं एकाच तऱ्हेनं, घड्याळ आणि कवळीबरोबर. नियमानं बरोबरच होतं. पण ती पिशवी देताना एक शब्द बोलावा, हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्या टेक्निशियननं मात्र अण्णांना विचारलं, "माळ खाली ठेवायची नसते ना? मग ताई धरतील बाहेर. ठेवणार नाहीत कुठे." हॉस्पिटलातली आध्यात्मिक काळजी म्हणजे काय, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही, त्या पोराकडून कळलं. त्यानं ना देवावर प्रवचन दिलं ना 'माळेत काय आहे आजोबा' म्हटलं. नियमही मोडला नाही.

त्यानंतर सात आठवडे, रविवार-शनिवार सोडून रोज, ते जाड दार बंद व्हायचं, वर लाल दिवा लागायचा आणि मी बाहेर दोन्ही तळहातांत माळ धरून उभी. पहिल्या दिवशी डोक्यात फक्त बिलं. पाचसहा दिवसांनी लक्षात आलं की मणी गुळगुळीत नाहीत, त्यांच्या मानेकडच्या बाजूचे जास्त झिजलेत. एकेक मणी बोटाखालून जायचा. डोळे उघडे, पाय फरशीवर, समोर लाल दिवा. दिवा विझेपर्यंत दुसरं काही करायचं नव्हतंच. दिवसभरात माझ्या डोक्याला तेवढीच काय ती विश्रांती होती. मी त्याला ध्यान म्हणत नव्हते. आजही सहज म्हणत नाही.

तुमची धडधड यावरून समजून घ्या. आठवडेच्या आठवडे तुम्ही पंपाची बीप, सलाईनची बाटली, आईचा चेहरा यांवर पहारा देताय. पहारेकऱ्याला डोळे मिट म्हटलं तर शरीर घाबरणारच. म्हणून डोळे उघडे ठेवा. पाठ भिंतीला, दोन्ही पाय जमिनीला, हातात काहीतरी धरा: आईंची बांगडी, रुमाल, काहीही. दोन मिनिटं पुष्कळ झाली. हात धुताना करता येतं, ते तर दिवसातून वीसदा धुताच. रडू आलं तर येऊ द्या, वॉर्डातल्या मावशींनी याहून जास्त पाहिलंय.

'शास्त्रीय पुरावा आहे का' असंही तुम्ही विचारलंय, त्याचं थोडक्यात. १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या हॉस्पिटलात जॉन कबात-झिन यांनी काही आठवड्यांचा ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला, जुनाट दुखण्याच्या पेशंटांसाठी, धर्माचं नाव न घेता. आजची बरीचशी ॲपं त्याचीच नातवंडं. पण ती माणसं घरून चालत येत होती, ऑक्सिजनवर नव्हती, हे विसरू नका. मला जास्त भावतो तो २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला एक इटालियन अभ्यास. २३ निरोगी माणसांना एकदा जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एकदा 'ओम मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावलं. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली चालली. श्वासाकडे बघा असं कुणी सांगितलं नव्हतं, ओळीच्या लांबीनंच तो संथ केला. अण्णांच्या वॉर्डात संध्याकाळी सातला हे मी रोज बघत होते. इकडे अण्णा ओठातल्या ओठात हरिपाठ म्हणायचे, शेजारच्या बेडवर एक चाचा तसबीह ओढायचे, आणि दोघांचे खांदे एकाच संथ लयीत वरखाली व्हायचे. (जपमाळ ओढताना सॅच्युरेशनचा प्रोब, म्हणजे ऑक्सिजन मोजायचा बोटावरचा चिमटा, आड येतो. दुसऱ्या हाताच्या बोटाला लावून द्या म्हणावं, कुणी नाही म्हणत नाही.)

याची दुसरी बाजूही आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा हॉस्पिटलांमधल्या १,८०२ बायपासच्या पेशंटांवरचा अभ्यास आला. अनोळखी लोकांनी पेशंटांसाठी प्रार्थना करायची, असा तो प्रयोग. प्रार्थना झालेल्या आणि न झालेल्या, पण हे ठाऊक नसलेल्या पेशंटांत गुंतागुंतीचं प्रमाण सारखंच निघालं, ५२ आणि ५१ टक्के. 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चाललीय' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ते ५९ टक्के होतं. एका अभ्यासावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण मला त्या माणसांच्या मनातलं ओळखू येतं: एवढे लोक देव पाण्यात घालून बसलेत म्हणजे माझं काही खरं नाही, किंवा, एवढं करूनही बरा झालो नाही तर माझीच श्रद्धा कमी. तेव्हा 'आई, तू पॉझिटिव्ह राहा, सगळे तुझ्यासाठी जप करतायत' हे वाक्य कृपा करून बंद करा. आजारी माणसावर त्याचं ओझं होतं.

मग आईंशी काय बोलायचं? सिसली साँडर्स नावाची एक इंग्लिश बाई होती, आधी नर्स, मग हॉस्पिटलातली समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ मध्ये तिनं लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं, शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं ठिकाण. तिचं म्हणणं असं की मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं एकसंध असतं. गाठ दुखते, मन दुखतं, घरचे पैसे आणि भांडणं दुखतात, आणि 'मलाच का' हेही दुखतं. एक सोडवून बाकीची सुटत नाहीत. (आपल्याकडे देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती अवेदना, १९८६ मध्ये सुरू झालं.) त्या 'मलाच का'बद्दल विचारायला ख्रिस्टिना पुचाल्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी चार प्रश्न बसवलेत. मी ते आपल्या भाषेत असे विचारायचे: तुम्हाला आधार कशाचा वाटतो? या आजारपणात त्याचं काय झालं, वाढला की सुटला? तुमची म्हणावी अशी माणसं कोण, ती येतात का? आणि इथे आम्ही काय केलं तर बरं वाटेल?

दुसरा प्रश्न सगळ्यात अवघड. अण्णांना मी तो विचारला तेव्हा ते म्हणाले, "इठ्ठलाला सांग, माझ्याकडं येऊ नको." त्यानंतर बारा दिवस हरिपाठ बंद. आत्या म्हणाली, असं बोलू नये, पाप लागतं. मी समजूत घातली नाही, नुसती बसून राहिले, कारण माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. तेराव्या दिवशी त्यांनी आपणहून सुरू केला. त्यांचं काय मिटलं, कसं मिटलं, मला माहीत नाही. रागावणं हा त्यांचा आणि विठ्ठलाचा आपसातला मामला होता.

तुमच्या आई नास्तिक असतील तर हेच चार प्रश्न तसेच चालतात. माझ्या एका पेशंट बाई गणिताच्या शिक्षिका होत्या. त्यांना जुन्या विद्यार्थ्यांची हजेरी हवी होती. नावं रोल नंबरनं मोठ्यानं वाचायची, बस्स.

मावशींच्या अंगाऱ्याचं: कपाळाला लावा, जखमेला किंवा नळीजवळ कधीच नको. तीर्थ पाजू नका. केमोनं प्रतिकारशक्ती उतरलेली असते, शिवाय गिळताना ठसका लागण्याची भीती. डोळ्यांना लावलं तरी मावशींचं समाधान होतं. ऑक्सिजन चालू असलेल्या बेडजवळ दिवा, उदबत्ती, कापूर काहीही पेटवायचं नाही, यात सवलत नाही. आणि 'कर्माचे भोग' म्हणणारे पाहुणे आले की आईंची झोपायची वेळ झाली असं बेलाशक खोटं सांगा.

दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन ये, असं भाऊ म्हणतोय. आत्ता नको. इगतपुरीचं विपश्यना केंद्र कुठे पळून जात नाही, १९७६ पासून आहे. तुम्हाला आत्ता दहा दिवसांच्या मौनापेक्षा आठवड्यातून दोन रात्री घरच्या अंथरुणात झोप हवी आहे. भावाला लिंका पाठवण्याऐवजी रात्रीच्या अटेंडंटचे पैसे पाठवायला सांगा. मनात मरणाचे विचार येत असतील किंवा घरी गेल्यावरही झोप लागतच नसेल, तर ध्यानावर विसंबू नका, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. हॉस्पिटलातच ओपीडी असते.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. अण्णा गेले तेव्हा मी खाली चहा घ्यायला गेले होते. दहा महिने हलले नाही आणि त्या सात मिनिटांत गेले. वॉर्डात मी स्वतः कितीतरी लेकीसुनांना सांगितलं होतं की असं बऱ्याचदा होतं, सोबतचं माणूस बाहेर गेलं की पेशंट जातो, तुमचा काही दोष नाही. स्वतःला ते सांगायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही चहाला जात जा.

आई घरी असताना पहाटे उठल्यावर सगळ्यात आधी काय करायच्या, ते जमलं तर खाली लिहा. दूध तापवणं असो नाहीतर तुळशीला पाणी, वॉर्डात त्यातलं काय बसवता येईल ते बघू.