पावसाळ्यात कुंडीला खत: कोणतं यापेक्षा कधी

रत्नागिरीत, जुलैमध्ये, मिरची नि जास्वंदीची पानं पिवळी पडताहेत. दर आठवड्याला युरिया देऊनही फरक नाही, आता डीएपी (नायट्रोजन-फॉस्फरसचं दाणेदार खत) घालू का, असं तुम्ही विचारलंय. डीएपी नको, आणि युरियाही थांबवा.

आधी पिवळी पानं कुठली ते बघा. खालची जुनी पानं सबंध पिवळी होऊन गळत असतील तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर मुळांना लोह मिळत नाहीये. पाणी तुंबलं किंवा चुना-राख जास्त झाली की असं होतं. त्यावर खत हा उपाय नाही. कुंडीची भोकं मोकळी करा, खाली विटेचे तुकडे ठेवून ती उचला, पागोळीखालून हलवा.

नत्र कमी असलं तरी मुसळधार पावसात दिलेला युरिया विरघळून भोकातून निघून जातो. म्हणून पाऊस जोरात असताना फक्त गांडूळखत द्या: 12 इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी, खोडापासून चार बोटं लांब, वरच्या मातीत हलकं मिसळून. दोन-तीन दिवस उघडीप मिळून माती वाफशावर आली (ओलसर, पण चिखल नाही) की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम विरघळवून कुंडीला अर्धा लिटर घाला. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा नको. कोरड्या मातीत हे पाणी कधीच घालू नका, मुळं भाजतात. पानांची टोकं तपकिरी झाली तर खत जास्त झालंय. साध्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा निथळून काढा.

आपल्या जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं. त्यामुळे डीएपी वर भुरभुरून फारसं हाती लागत नाही. स्फुरद द्यायचं ते कुंडी भरताना, मुळांजवळ: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू, त्यात मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर सिंगल सुपर फॉस्फेट. शेणखत काळं, भुसभुशीत, वास गेलेलंच हवं. ताज्या शेणाने मुळं पोळतात, शिवाय हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

चुलीची राख पोटॅशसाठी चांगली, महिन्याला एक चमचा पुरे. पण युरिया किंवा डीएपीबरोबर ती मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. दोन्हींत निदान पंधरवड्याचं अंतर ठेवा.