कड्याखालचा कुत्रा कोणाच्या हातात?

प्रश्न: ताई, मी २८ वर्षांची आहे, मनीषनगरला राहते. मी आणि माझा नवरा दोन वर्षांपासून जमेल त्या रविवारी रामटेकच्या बाजूला खडकांवर चढायला जातो. आमचा गब्बू चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे. आठवडाभर दिवसा घरी एकटाच असतो, म्हणून रविवारी त्याला सोबत नेतो. आजवर तो कोणालाही चावलेला नाही. गेल्या महिन्यात ग्रुपच्या म्होरक्यांचा निरोप आला, ‘कुत्रा आणायचा असेल तर येऊ नका.’ मला फार लागलं. उघड्यावरचा खडक सगळ्यांचाच असतो ना? तिथे कुत्र्याला बंदी असावी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: मी तुझ्या आईच्या वयाची, म्हणून ‘तू’ म्हणते.

सरसकट बंदी मला पटत नाही. पण एक जण वर आणि एक जण बिलेवर, म्हणजे खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, असे तुम्ही दोघंच जात असाल, तर गब्बूला घरी ठेव. तो चावतो की नाही हा मुद्दाच नाही. बिले करणाऱ्याचं लक्ष एकच असतं आणि ते दोरावर असायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. हे मी फार वाईट पद्धतीने शिकले.

माझ्याकडे भुरी होती, तुझ्या गब्बूसारखीच रस्त्यावरून आणलेली. अकरावी-बारावीच्या पोरापोरींची बॅच घेऊन मी जायची तेव्हा ती सोबत असायची. खडकाखाली पळसाला बांधली की निमूट बसायची. एका डिसेंबरात मी बिलेवर होते आणि एक मुलगी पंचवीसेक फुटांवर होती. रामटेककडे वानरं किती आहेत ते तुला सांगायला नको. त्यातलं एक पिल्लू भुरीच्या झाडाखाली उतरलं. ती झेपावली, पट्ट्याने गळ्याला हिसका बसला आणि ती जी किंचाळली, तसं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मी मान वळवली. ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा हात मी सोडला नाही, पण तेवढ्यात ती मुलगी दोन पावलं वर चढली होती आणि मी ढील ओढून घेतली नव्हती. तिचा पाय सुटला. फूट-दीड फूट खाली यायची ती पाच-सहा फूट आली आणि गुडघा खडकावर आपटला. तीन टाके पडले. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन मी तिच्या आईला जसं घडलं तसं सांगितलं. भुरीचा त्यात काहीच दोष नव्हता. वानर दिसल्यावर कुत्रा जे करतो तेच तिने केलं. तिला तिथे बांधून दोर हातात घेणारी मी होते.

म्हणून कुत्रा यायचा असेल तर त्याच्यासाठी वेगळा माणूस हवा. त्याने त्या वेळी चढायचं नाही, बिलेही करायची नाही. पट्टा हातात धरून कड्यापासून दूर बसायचं. दूर अशासाठी की वरून दगड सुटला आणि कोणी ‘दगड!’ म्हणून ओरडलं, तर आपण खडकाला चिकटतो, डोक्यावर हेल्मेटही असतं. कुत्रा मात्र आवाजाच्या दिशेने वर बघतो. आणि झाडाला बांधून ठेवण्याच्या तर मी आता पूर्ण विरोधात आहे. कपारीखाली आग्या मोहोळाची पोळी लटकलेली तूही पाहिली असशील. ते उठलं तर माणसं पळतात. बांधलेल्या कुत्र्याने कुठे जायचं?

दोराचंही सांगते. थंडीत कुत्र्याला दोराच्या गुंडाळीवरच बसायचं असतं, मऊ लागते ना. पण त्याच्या पायाची माती आणि बारीक रेती दोरात शिरते आणि आतले धागे आतून कापत राहते. वरून दोर चांगलाच दिसतो. दोराची पिशवी किंवा ताडपत्री वापर आणि त्यावर गब्बूला बसू देऊ नकोस.

‘खडक सगळ्यांचा’ हे तुझं वाक्य मला आवडलं, पण ‘सगळे’ म्हणजे फक्त चढणारे नाहीत. पायथ्याशी बकऱ्या चारणारा माणूस आपल्या आधीपासून तिथे आहे. पट्टा सुटलेला कुत्रा एकदा जरी कळपात घुसला आणि गाभण बकरी पळवली, तर गावाने पुढच्या रविवारी आपल्याला हुसकावलं तरी तक्रार करायला तोंड उरत नाही. तुमच्या बॅचमध्येही असं पोर असू शकतं जे लहानपणी कुत्रा चावल्यामुळे इंजेक्शनं घेऊन आलंय. ते सांगत नाही, नुसतं चढायला पुढे येत नाही. त्याला विचारायला हवं, आणि गब्बू जवळ नसताना विचारायला हवं.

जंगलाबाबत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. रामटेकच्या पुढे गेलं की मानसिंगदेव अभयारण्य आणि पेंचचा पट्टा. तिथे पाळीव कुत्रा नेऊच नये. बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य वाटतं, ही भीती खरीच आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात तर आपल्या आयटी पार्कजवळच्या वस्तीतही बिबट्या दिसला होता. पण उलटा धोकाही तेवढाच मोठा आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह काही आठवड्यांत मेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांमध्ये नेहमी दिसणारा हा आजार. गब्बूला रेबीजची लस दिली असशीलच. डिस्टेंपरचीही दिली आहे का, ते त्याच्या कार्डावर आजच बघ. गावातली कुत्री डब्याच्या वासाने येतात, त्यांना खडकाखाली पोळी टाकू नका. नाहीतर ती तिथेच मुक्काम करतात आणि पुढच्या वेळी गब्बूशी भांडतात.

आणि ऊन. फेब्रुवारी संपला की त्याला आणूच नकोस. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे ४७.९ अंश नोंदले गेले, पण खडक तापायला मे कशाला लागतो? मार्चमध्येही सकाळी अकराला तळहाताची मागची बाजू खडकावर ठेवून बघ, सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पंजे तरी कसे टेकतील? आपल्यासारखा घाम त्याला येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो.

तुमच्या म्होरक्यांनी निरोप पाठवण्याऐवजी समोर बसून बोलायला हवं होतं, हे मलाही वाटतं. तू मात्र फोन करून भांडू नकोस. फोन करून एवढंच सांग, ‘गब्बूला सांभाळायला तिसरा माणूस असेल त्याच रविवारी आणेन, मुलांची बॅच असेल तेव्हा आणणार नाही.’ तुझी बहीण, मैत्रीण, कोणीही चालेल, फक्त तिला चढायची हौस नको. बाकीच्या रविवारी सकाळी सहाला अंबाझरीकडे त्याला तासभर पळवून आण, मग निघा. दमलेला कुत्रा दुपारपर्यंत झोपतो, भुरीच्या शेवटच्या चार वर्षांत आम्ही हेच केलं. ती दाराशी येऊन बघायची, मी चढताना कमरेला बांधायचा हार्नेस पिशवीत भरत असताना. तेवढं सोसावं लागतं.