पावणेदोन सेंटिमीटरची गाठ: ऑपरेशन की शेक?

प्रश्न: माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, कडेला, १.८ सेंटिमीटरची गाठ निघाली. बायोप्सीत अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, आला. पेट स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. सर्जन ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे डॉक्टर म्हणतात शेक (रेडिएशन) देऊनही भागेल. घरात सगळे म्हणतात, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो. बाबांना आम्ही ‘जुना डाग आहे’ एवढंच सांगितलंय. त्यांची सिगारेट अजून सुटलेली नाही. काय करावं?

उत्तर: ताई, आधी हत्याराची भीती काढून टाका. पूर्वी छाती उघडल्यावरच कळायचं की आजार आधीच पसरलाय, आणि दोष सुरीच्या माथी यायचा. आता पेट स्कॅन ते बरंचसं आधीच दाखवतो.

मी छातीचा सर्जन आहे, तेव्हा कल कुठे असणार हे उघड आहे. तरी विचाराल तर सांगतो: दम असेल तर ऑपरेशन. कारण गाठीबरोबर आजूबाजूच्या लसिकाग्रंथीही काढून तपासता येतात. त्यांत कॅन्सरच्या पेशी निघाल्या तर पुढे केमो, आणि गाठीत ईजीएफआरसारखा जनुकीय बदल असेल तर गोळ्या, हे वेळेत ठरतं. पेट स्कॅनला न दिसलेलं तिथे कधीकधी सापडतं.

उजव्या फुप्फुसाचे तीन लोब, म्हणजे मोठे भाग, असतात. पूर्वी अशा गाठीसाठी अख्खा लोब काढायचो. २०२२ मध्ये जपानमधल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं, की गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची, कडेला आणि ग्रंथी स्वच्छ असतील, तर लोबचा तुकडा काढूनही पेशंट तितकेच जगतात. बाबा नेमके या मापात बसतात. सर्जनना विचारा: सेगमेंट, म्हणजे लोबचा फक्त एक तुकडा, काढून भागेल का, आणि दुर्बिणीतून होईल का? नंतर छातीत नळी राहते, बाटलीत बुडबुडे येतात. ते बघून घरचे घाबरतात. फुप्फुसाच्या कापलेल्या कडेतून हवा झिरपते, म्हणून ते येतात. थांबले की नळी निघते.

‘दम असेल तर’ म्हणजे काय? पीएफटी, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांच्या ताकदीची तपासणी, करा; त्यात डीएलसीओही हवा, म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो त्याचं माप. बाबा तीन मजले न थांबता चढतात का, तेही बघा. चढत नसतील, हृदय साथ देत नसेल, किंवा सगळं समजून बाबाच ऑपरेशन नको म्हणाले, तर एसबीआरटी, म्हणजे गाठीवर अचूक नेम धरून मोजक्या बैठकांत दिलेला जोरदार शेक, हा चांगला पर्याय आहे. त्याला दुय्यम समजू नका. कडेच्या गाठीसाठी साधारण तीन ते पाच बैठका, भूल नाही, टाके नाहीत. श्वासाबरोबर गाठ हलते, म्हणून आधी श्वासासकट सीटी काढून नेम धरतात. उणीव एवढीच, की ग्रंथी हाती लागत नाहीत, आणि नंतर तिथे पडणाऱ्या व्रणामुळे पुढचे सीटी वाचणं अवघड जातं.

सिगारेट आजच बंद. ऑपरेशनआधी चार आठवडे मिळाले तर उत्तम, पण त्यासाठी ऑपरेशन लांबवू नका.

आणि बाबांना सांगा. पीएफटीत फुंकायचंय त्यांना, दुखत असताना खोकून कफ काढायचाय त्यांना. ‘जुन्या डागा’साठी कुणी एवढं सोसत नाही, सिगारेटही सोडत नाही. पुढच्या भेटीत त्यांना बाहेर बाकावर बसवू नका. खुर्ची डॉक्टरांसमोर त्यांना द्या, प्रश्न त्यांनाच विचारू द्या.