'असेंब्ली रूम्स' म्हणजे विधानसभा नव्हे

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या 'असेंब्ली रूम्स'ला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न आलाय. विचारणाऱ्यांनी एका भाषांतरात 'विधानसभा कक्ष' वाचलं म्हणे. असेंब्ली दिसली की लावली विधानसभा! हे आता रोज वाचावं लागतं आणि रोज डोकं फिरतं.

धाकट्या जॉन वुडने बांधलेली ही वास्तू १७७१ मध्ये खुली झाली, ती नाच, चहा आणि पत्ते यांसाठी. बाहेरून साधी. आत शंभर फुटांहून लांब नाचाचं दालन, आणि त्याच्या खिडक्या इतक्या उंचावर की रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसू नये. पत्ते आधी मधल्या अष्टकोनी दालनात चालत. १७७७ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं दालन जोडलं.

या पत्त्यांच्या दालनामुळेच मी म्हणतो, इथे 'सभा' हाच शब्द हवा. ऋग्वेदातलं अक्षसूक्त काढा: 'सभामेति कितवः पृच्छमानो जेष्यामीति'. आज जिंकेन ना, असं स्वतःला विचारत जुगारी कुठे जातो? सभेला! जुगाराचा अड्डा चालवणारा तो 'सभिक'. अमरकोशात तो 'द्यूतकारक' म्हणून नोंदलाय. द्रौपदी पणाला लागली तीही सभेतच.

तरीही जुन्या संस्कृत ग्रंथांवर टीका लिहिणारे पंडित सांगतात, 'सह भान्ति', जिथे सगळे मिळून झळकतात ती सभा. कानाला गोड, पण शब्द फोडून मागाहून बसवलेली व्युत्पत्ती. काही भाषाशास्त्रज्ञ 'सभा'चं नातं जर्मन 'सिप्पे'शी, म्हणजे गोतावळ्याशी जोडतात. मला तेच पटतं. आधी गोत जमलं, मग त्याची जागा ठरली, मग तिथे फासे पडले. भाषणं फार नंतरची.

आणि सभा म्हणजे नुसता जमाव नव्हे, वास्तूसुद्धा. पाणिनीला 'अशाला च', म्हणजे 'शाला हा अर्थ नसेल तेव्हाही', असं वेगळं सूत्र करावं लागलं, ते सभेचा 'शाला', म्हणजे इमारत, हा अर्थ रूढ होता म्हणूनच. मयासुराने पांडवांना बांधून दिली ती मयसभा; तिथली जमीन कोणती नि पाणी कोणतं हे दुर्योधनाला कळेना, ते काय जमावामुळे? म्हणून 'सभागृह' हा शब्द मला पिवळ्या पीतांबरासारखा वाटतो. कोशांनी 'सभा' पुढे 'मीटिंग' एवढंच लिहून हात झटकू नयेत.

हां, तुमचा प्रश्न. इमारत ती सभा, आतली ती दालनं. 'बाथची सभादालनं' लिहा.