ओठावरचा 'जर'

प्रश्न असा आला आहे: ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठला. घरातल्या थोरल्यांनी 'जर आलाय' असं सांगितलं, कोणीतरी 'नागीण' म्हणालं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निघालं 'हर्पीस'. यातला बरोबर शब्द कोणता?

माझं मत 'जर'ला. हा 'जर-तर'मधला जर नव्हे आणि जरतारीतलाही नव्हे. हा 'ज्वर'. द्वारचं दार झालं, ज्वालाचा जाळ झाला, तसाच ज्वरातला व गळून जर उरला. तापाला आपण आता सर्रास ताप म्हणतो. ज्वर विषमज्वरासारख्या जोडशब्दांत टिकला आणि जर जाऊन बसला तो ओठावर. तापानंतर हे फोड अनेकदा उठतात, त्यामुळे आतला जर बाहेर पडला अशी समजूत झाली. इंग्रजी नावांतही एकात ('कोल्ड सोअर') सर्दी आहे, तर दुसऱ्यात ('फीवर ब्लिस्टर') ताप.

शब्द झकास, पण त्यातलं निदान चुकीचं. ताप हे कारण नव्हे, फक्त निमित्त. हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू बहुधा लहानपणीच अंगात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत निजून राहतो. ताप, कडक ऊन, जागरण, मनावरचा ताण, पाळी, यांतलं काहीही त्याला उठवायला पुरतं. मुक्काम त्याच गाठीत, म्हणून तो बरेचदा ठरलेल्या जागीच उगवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतले तीनशे कोटींहून जास्त लोक हा विषाणू बाळगून आहेत. तेव्हा 'हर्पीस' वाचून लाजायचं कारण नाही.

आता नागीण. गंमत अशी की 'हर्पीस' हा शब्द ग्रीकमधल्या सरपटण्याच्या धातूपासून आला आणि तो आपल्या 'सृप्'चा सख्खा भाऊ. आपल्या सप्तचं तिकडे हेप्टा होतं, तसं 'सर्प्'चं 'हर्प्'. म्हणजे मुळाशी तिथेही सापच! पण मराठीत नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर: कांजिण्यांचा विषाणू वर्षांनुवर्षांनी पुन्हा जागा होतो आणि अंगाच्या एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो. कूळ एक, दुखणं वेगळं. ओठावरच्या जराला नागीण म्हटलं की ऐकणारा उगाच घाबरतो.

क्रियापदांकडेही बघा. 'ओठ फुटला' म्हणजे कोरडेपणाने किंवा मार लागून. 'तोंड आलं' म्हणजे गालाच्या आत, जिभेवर चट्टे. ते संसर्गजन्य नसतात. जर मात्र 'येतो' किंवा 'उठतो', ओठाच्या बाहेरच्या कडेवर, आणि तो दुसऱ्याला लागतो. उठण्याआधी काही तास, कधी दिवसभर, त्या जागी चुणचुणतं, खाजतं. मग पाण्याने भरलेले फोड येतात, ते फुटतात, खपली धरते आणि साधारण दहा दिवसांत सगळं निवळतं.

ही चुणचुण ओळखता येणं फार कामाचं. असायक्लोव्हिरचं मलम त्याच वेळी सुरू केलं तर उपयोग, तोही थोडाच: दुखणं एखाद्या दिवसाने लवकर आटोपतं. फोड आल्यावर लावलं तर फारसा फरक पडत नाही. आणि नेमकं इथेच जुनं नाव आडवं येतं. 'अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू दे' म्हणत मीही ही वेळ कितीदा घालवली आहे. विषाणू अंगातून कायमचा घालवणारं औषध नाही. पण फोड खरवडू नयेत, मलम लावल्यावर हात धुवावेत, तो हात डोळ्याला लावू नये, खपली धरून जागा बरी होईपर्यंत पेला-रुमाल वेगळा ठेवावा. तान्ह्या बाळाचा पापा तर अजिबात घेऊ नये. त्याच्यासाठी हा विषाणू जिवावरचा ठरू शकतो. दहा दिवसांत बरं झालं नाही, डोळ्याजवळ फोड आले, गरोदरपण असलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असली, तर डॉक्टरांना दाखवावं.

तेव्हा घरात खुशाल 'जर आलाय' म्हणा. दवाखान्यात मात्र 'ओठावरचा हर्पीस' म्हणा. कारण 'जर आलाय' ऐकून डॉक्टर थर्मामीटरच पुढे करायचे.