मार्च एंडचा माल

दादर, मुंबई

प्रिय,

बाजारात विकणाऱ्या कंपनीच्या आत बाजार कुठेच का दिसत नाही, असं तू विचारलंस. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हा प्रश्न पडला, याचा मला मनापासून आनंद झाला.

सगळे व्यवहार बाजारभावाने होऊ शकतात, तर कंपन्या हव्यातच कशाला, असा प्रश्न अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी 1937 साली मांडला. दर कामाला भाव शोधायचा, घासाघीस करायची, करार करायचा, यात खर्च होतो. तो वाचवायला माणसं एका छताखाली येतात आणि हुकमाने काम करतात. छोट्या धंद्यात मालकाला गोदामही दिसतं आणि गिऱ्हाईकही. कंपनी वाढली की लोअर परळच्या हेड ऑफिसात पोचतात ते फक्त आकडे, आणि वर जाताना प्रत्येक टेबलावर त्यांवर हात फिरलेला असतो.

सोव्हिएत कारखान्यांचं असंच होतं. महिन्याची सुरुवात संथ, शेवटच्या आठवड्यात झुंबड. सरकारने ठरवून दिलेल्या प्लॅनपेक्षा फार जास्त माल काढला, तर पुढचा कोटा वाढायचा. म्हणून हुशार मॅनेजर क्षमता लपवून ठेवायचा. तुझे एरिया मॅनेजर नव्या वर्षाचं टार्गेट ठरताना आपल्या भागात दम नाही असं का सांगतात, ते आता कळेल.

मार्चअखेरीस एखाद्या स्टॉकिस्टकडे, म्हणजे कंपनीचा माल साठवून दुकानांना पुरवणाऱ्या व्यापाऱ्याकडे, जाऊन बघ. भिवंडीहून आलेले खोके शटरपर्यंत रचलेले असतात, पाय ठेवायला जागा नसते. मागणी नसतानाही बिलं फाडलेली असतात. कंपनीकडून स्टॉकिस्टला झालेली विक्री, म्हणजे प्रायमरी सेल झाला, टार्गेट भरलं. एप्रिल-मेमध्ये त्यातलाच माल परत येतो, पण तोवर इन्सेंटिव्ह वाटून झालेला असतो. यात कुणी एक माणूस लबाड असतो असं मी मानत नाही. टार्गेटच तसं लावलेलं असतं.

सोव्हिएत कारखाना आणि आपली कंपनी यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. तोट्यातला सरकारी कारखाना सरकार जगवायचं. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी त्यावर आयुष्यभर लिहिलं. कंपनीतही तोट्यातला विभाग दुसऱ्याच्या नफ्यावर वर्षानुवर्षं पोसला जातो, पण अख्खी कंपनी बुडू शकते. दुकानातलं गिऱ्हाईक कुणाचा हुकूम ऐकत नाही.

म्हणून तू काउंटर सोडू नकोस. आठवड्यातून एक दुपार तरी मशीद बंदरला, लालबागला दुकानांतून फीर. पुढच्या रिपोर्टात प्रायमरीच्या शेजारी सेकंडरी सेलचा, म्हणजे स्टॉकिस्टकडून दुकानांत गेलेल्या मालाचा, खरा आकडा लिही, लहान असला तरी. साहेबांनी विचारलं, तर कोणत्या दुकानात किती खोके पडून आहेत ते सांग.

तुझा,
काका